पाण्याला न टेकलेलं पाऊल

मित्रांनो, माझ्या पाण्याशी यायचं तर चोवीस पायऱ्या उतराव्या लागतात. मी धामणदऱ्याची जुनी बारव. तुमच्यातल्या काहींना बारव ठाऊक नसेल, म्हणून सांगते. जिच्यात पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येतं अशी विहीर म्हणजे बारव. आष्टीकडून डोंगराच्या अंगानं आलात की गावाच्या अलीकडे लिंबाचं एक झाड लागतं. त्याच्या सावलीला जमिनीनं आ वासल्यासारखं चौकोनी तोंड आहे. ते माझं.

मला डोळे नाहीत. पण जन्मभर माणसं माझ्या अंगावर पाय ठेवून उतरली, म्हणून मी माणूस पायांवरून ओळखते. टाच आधी टेकवणारी बाई घाईत असते. चवडा आधी टेकवणारी बाई मनात काहीतरी घोकत असते. भरल्या घागरीनं चढणारा पाय आणि रिकाम्या घागरीनं उतरणारा पाय एकाच बाईचा असला, तरी मला दोन वेगळ्या बायका भेटल्यासारखं वाटतं.

मी झाले ती एका दुष्काळात. गावाला काम हवं होतं आणि पाणीही हवं होतं. वडारांनी काळा दगड फोडला, गावच्या बायाबापड्यांनी पाट्या भरभरून माती उपसली. विसाव्या पायरीशी पहिला पाझर लागला तेव्हा कुणी ओरडलं नाही म्हणतात. सगळे नुसते ओंजळीकडे बघत राहिले. पुढे माझ्या पायऱ्यांवर गाणी झाली. एक म्हातारी दर उतारावर म्हणायची,

चोवीस गं पायऱ्या, माझ्या गुडघ्यात कळ
बारवे गं बये, तुझ्या पाण्याचंच बळ

माझं कौतुक होतं. लग्नघरात पाणी माझं, देवाला पाणी माझं. नवी बाळंतीण तर माझी पूजा केल्याशिवाय घरातल्या हंड्याला हात लावत नसे. बाळंतपणाचे दिवस सरले की बाया तिला गाणी म्हणत घेऊन यायच्या. शेवटच्या पायरीवर ती पाच खडे मांडायची, हळदकुंकू वाहायची, दोन्ही पावलं पाण्यात बुडवायची आणि आपली घागर भरून वर जायची. आई झाल्यावरचं ते तिचं पहिलं पाणी. अशी किती ओली पावलं मी वर पाठवली, त्यांची मोजदाद नाही.

आता मात्र मला माझा दोष सांगितला पाहिजे.

उन्हाळ्यात काही पाय वेगळे यायचे. तापलेले, एका बाजूला तोल देणारे, दर पायरीवर थांबणारे. घोट्याशी किंवा पोटरीवर फोड उठलेला असायचा आणि त्यात निखारा ठेवल्यासारखी आग. माणूस कसाबसा खाली यायचा, पाय पाण्यात सोडायचा, आणि त्याचा श्वास सैल व्हायचा. मला धन्य वाटायचं. तेवढ्यात फोड फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. हात-दोन हात लांबीचा. त्याला नारू म्हणतात.

गावात नारू काढणारी एकच होती, बायनाबाई. तिचं डावं पाऊल पायरीवर दोनदा टेकायचं, एकदा चाचपून आणि एकदा भार देऊन. ती जोंधळ्याच्या ताटाची बारीक काडी घ्यायची, तिच्यावर नारूचं टोक गुंडाळायची आणि रोज दोन बोटं, फार तर तीन बोटं ओढायची. घाई केली आणि नारू आत तुटला, तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने अंथरूण धरायचा. ऐन पेरणीत अर्धं गाव असं पडून असायचं. बायनाबाईचा हात हलका होता. ती प्रत्येकाला एकच सांगायची, "आदी बारवंत पाय सोडून बस. पाण्याच्या वासानं त्यो भाईर येतो."

आणि मी त्या प्रत्येक पायाला थंडावा देत होते.

मग एका वर्षी नवा पाय आला. त्यानं चपला वर काढून ठेवल्या होत्या आणि उजव्या घोट्याला सायकलच्या साखळीचं वंगण होतं. आरोग्य खात्याचा बिभीषण. त्यानं माझ्या पाण्याचा पेला भरला आणि बायांना जवळ बोलावलं.

"मावशी, ह्या पेल्यात बघा. काय दिसतंय?"

"पाणी," बायनाबाई म्हणाली.

"अजून?"

"तुझं तोंड."

बाया हसल्या. तोही हसला. मग त्यानं भिंग धरलं आणि हसणं हळूहळू थांबलं. पाण्यात ठिपक्याएवढे जीव उड्या मारत होते. पाणपिसू. बिभीषण सांगत गेला. नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू आपली हजारो पिलं पाण्यात सोडतो. पाणपिसू ती पिलं गिळतात. माणूस ते पाणी पितो. वर्षभर कुणाला काही कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच पायाला फोड येतो.

"म्हंजी रोग बारवंतच हाय म्हन की," कुणीतरी म्हणालं.

"बारवंत न्हाई. पायातून बारवंत येतो, बारवंतून पोटात, पोटातून परत पायात. हे चाक कुठंतरी थांबवायचं, एवढंच."

मग बायनाबाईचा आवाज आला, इतका बारीक की तो फक्त दगडाला ऐकू यावा. "अन् म्याच सगळ्यांस्नी हितं पाय बुडवाया सांगत हुते."

मित्रांनो, त्या दिवशी गावात दोन जणी खजील झाल्या. एक पायरीवर बसली होती आणि एक पायरीखाली होती.

बिभीषणनं घरोघर फडकी वाटली. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायचं, म्हणजे पाणपिसू वर राहतात. माझ्यात तो औषध टाकायचा. गावात हापसा आला आणि बाया माझ्याकडे यायच्या कमी झाल्या. नारूचे पायही कमी झाले. आधी वीस-पंचवीस, मग सात, मग दोन. त्यानंतर दोन उन्हाळे एकही तापलेला पाय माझ्यात उतरला नाही. तरी बिभीषण दर महिन्याला यायचा. त्याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर नारूचं चित्र होतं. ते दाखवून दारोदार विचारायचा, "असं कुणाच्या पायात हाय का?"

काठावर विड्या ओढत बसलेली माणसं त्याची टर उडवायची. "कावून हुडकतो बे अजून? कवाच गेलं ते."

"एक जरी राहिला तरी सगळं पयल्यापासनं करावं लागंल, बाबा."

"आन् तुला काय, बक्षीस हाय का त्याच्यावर?"

"सापडला न्हाई तर खरं बक्षीस," तो म्हणायचा आणि सायकलवर टांग टाकायचा.

पुढं मोठा दुष्काळ आला. पाऊस दोन वर्षं नुसता डोंगरावरून डोकावून गेला. हापशाचा दांडा खडखडायला लागला, आधी लाल पाणी आलं आणि मग नुसती हवा. टँकरचं नाव निघायचं, टँकर निघायचा नाही. मग गाव परत माझ्याकडे वळलं. माझ्यातही गुडघाभरच पाणी उरलं होतं. बाया रांग लावून उतरायच्या, तांब्यातांब्यानं भरायच्या, फडक्यानं गाळायच्या. इतक्या दिवसांनी पाय अंगावर आले म्हणून मला बरं वाटत होतं. आणि त्याच बरं वाटण्याची भीतीही वाटत होती, कारण आता सारं गाव त्या गुडघाभर पाण्यावर होतं.

चैत्रात उसाची माणसं परत आली. दरसाल दसऱ्यानंतर निम्मं गाव साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडायला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. त्यात सिदू आणि त्याची बायको मुक्ता होती. मुक्ता फडातल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच बाळंत झाली होती. मुलगी झाली. साखरेच्या वेळी जन्मली म्हणून आजीनं तिचं नाव साखरा ठेवलं. ती आजी म्हणजे सिदूची आई, छबुबाई. करारी बाई. तिच्या टाचेच्या भेगा माझ्या पायऱ्यांवर खरखरत जायच्या.

फडात कुठली आली बारव? म्हणून मुक्ताची पाण्याची पूजा राहून गेली होती. पूजा नाही म्हणून ती पाण्याला शिवत नव्हती, बाहेर पडत नव्हती. आतल्या खोलीत पोरीला घेऊन बसायची. छबुबाईनं पूजेला मंगळवार ठरवला.

त्याआधीच्या गुरुवारी, भर दुपारी, बायनाबाई एकटी उतरली. डावं पाऊल दोनदा टेकवत थेट शेवटच्या पायरीवर आली आणि बसली. घागर भरायची सोडून माझ्याशी बोलायला लागली. म्हाताऱ्या बायका विहिरीशी बोलतात, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी ती कुजबुजत होती.

"बये, तुला सांगते. तू कुणाला सांगायची न्हाईस."

मी कुणाला काय सांगणार?

"मुक्ताच्या पायात नारू हाय. पोरीला न्हाऊ घालाया जाते न् मी, तवा दिसला. पल्याडच्या साली म्हायेराकडं रस्त्याच्या कामावर हुती, तिथलं पाणी बाधलं. घोट्याशी फोड हाय. रडाया लागली, म्हनली, मावशी, पूजा हुईस्तवर कुणाला बोलू नगा. सासूला कळलं तर पाणी पुजू द्यायची न्हाई. म्या वचन दिलं, बये. मंगळवारपातुर काढते गुपचूप."

मंगळवारला पाच दिवस होते. रोज दोन बोटं या हिशेबानं पाच दिवसांत दोन हातांचा नारू निघत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शब्द दिला की माणूस शब्दाच्याच बाजूनं विचार करतो.

दुसऱ्या दिवशी बिभीषण आला. त्याच्याजवळचं औषध संपलं होतं, आष्टीहून पुढच्या आठवड्यात यायचं होतं. गावातली सगळी दारं फिरून तो माझ्या वरच्या पायरीवर टेकला, तेव्हा बायनाबाई पाणी घेऊन चढत होती.

"मावशी, उसाची माणसं आलीत. कुणाच्या पायात काही?"

"तुझ्या कागदावर हाय का?"

"न्हाई. सिदूच्या घरी गेलतो, तो म्हनला, कुणाला काय न्हाई."

"मग न्हाई."

"तुमी बगितलं का कुणाचं?"

बायनाबाईचं डावं पाऊल टेकलं आणि परत उचललं गेलं. ते दुसऱ्यांदा टेकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "न्हाई," ती म्हणाली.

बिभीषणनं कागदावर लिहिल्याची खसखस मला ऐकू आली. मित्रांनो, तुम्हाला कधी दगड असल्याचं दुःख झालं आहे का? मला त्या दिवशी झालं. तो माझ्या पाण्यापासून चोवीस पायऱ्यांवर होता आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती.

मंगळवार उजाडला. काठावर पावलं जमली. गाणी सुरू झाली. पुढे मुक्ता, तिच्या शेजारी छबुबाई, मागे आठ-दहा बाया. तान्ही साखरा वर लिंबाखाली कुणाच्या तरी मांडीवर होती. मुक्तानं पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला आणि माझ्या अंगाला चटका बसला. तोच ताप. इतके उन्हाळे विसरलेली तीच आग. घोट्यावर तिनं जाड हळद थापली होती, तिचा ओला लगदा माझ्या दगडाला लागत गेला. दुसरी पायरी. पाचवी. नववी. ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि बायांना वाटत होतं, बाळंतीण नाजूक आहे.

बाराव्या पायरीवर मागून पावलांची धडपड झाली. डावं पाऊल दोनदा टेकलं नाही, एकदाच टेकलं, घाईत. बायनाबाई सगळ्यांना ओलांडून पुढे आली आणि तेराव्या पायरीवर आडवी बसली.

"काय गं, गुडघा धरला का?" छबुबाईनं विचारलं.

"गुडघा न्हाई. वाट धरलीय म्या."

"ऊठ बरं. येळ टळून जाईल."

"टळू दे. मुक्ता खाली जायची न्हाई."

गाणं थांबलं. माझ्या भिंतींत त्याचा शेवटचा सूर फिरत राहिला आणि विझला.

"कावून?" छबुबाई म्हणाली.

बायनाबाईनं शब्द दिला होता, म्हणून ती गप्प राहिली. बोलली ती मुक्ताच. "आत्याबाई, पायात नारू हाय माज्या."

माणसांचे पाय मागे सरकतात तेव्हा दगडावर एक विशिष्ट घसर उमटते. ती घसर मला ऐकू आली. छबुबाईचे पाय मात्र हलले नाहीत.

"किती दिस झालं?"

"आठ."

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी पाणी पुजू दिलं नसतं. पोरीला घिऊन तशीच कोपऱ्यात बसवली असती."

"म्या काय एवढी वंगाळ हाय?"

"थोडी हाईस," बायनाबाई म्हणाली.

मुक्ता हुंदके देत होती. "मावशी, बाजूला व्हा. एकदाच पाय टेकवू द्या. लई आग हुती ओ. आठ दिस झालं, पाण्याचा सुदा वास मिळाला न्हाई. फकस्त एकदा."

खरं सांगू? मलाही वाटलं, येऊ दे तिला. बारा पायऱ्या उरल्या होत्या. माझं पाणी गार होतं आणि लेकीचा पाय जळत होता. आईचं मन असंच खुळं असतं. पण त्याच गुडघाभर पाण्यावर सगळं गाव होतं, वर लिंबाखाली निजलेली तान्ही साखरासुद्धा. मला पायऱ्या मागे घेता येत नाहीत. मला नाही म्हणता येत नाही. माझ्या वतीनं नाही म्हणणारं कुणीतरी लागतं.

"पोरी," बायनाबाई म्हणाली, "तुझ्यावाणी शंभर जणांस्नी म्या ह्याच पायरीवर नेलं. पाय बुडीव म्हनलं. तवा मला ठावं न्हवतं. आता ठावं हाय. आता कसं नेऊ?"

"मग पूजेचं काय?" छबुबाई म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, अडलेला होता. "पाणी पुजल्याबिगर ती घागरीला शिवायची न्हाई. अन् पाणी काय चोवीस पायऱ्या चढून येतंय?"

"कावून न्हाई येणार? बारव आई हाय म्हन्तीस ना? पोर पाळण्यात रडलं तर पोर उठून आईकडं जातं का आई उठून पोराकडं जाते?"

छबुबाईच्या टाचा खरखरत खाली आल्या, बाराव्या पायरीवरून तेराव्या, चौदाव्या, थेट शेवटच्या पायरीपर्यंत. तिनं स्वतः घागर बुडवली. फडक्यानं गाळली. मग वर तोंड करून म्हणाली, "हुभ्या काय ऱ्हायलात? रांग धरा."

बाया पायऱ्यापायऱ्यांवर उभ्या राहिल्या. घागर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात चढायला लागली. बायनाबाईनं त्याच वेळी ओवी जुळवली, आणि मागून सगळ्या म्हणू लागल्या,

लेक थांबली काठाला, तिच्या पायाला हळद
बया निघाली भेटाया, वाट करा गं जलद

मित्रांनो, इतकी वर्षं माणसं माझ्याकडे उतरत आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसाकडे चढले. मुक्ताला वर नेऊन लिंबाखाली पाच खडे मांडले गेले. हळदकुंकू पडलं. मुक्तानं घागरीला हात लावला, आणि ती पूजा धरली गेली की नाही, असं कुणीच विचारलं नाही.

मग बायनाबाईनं घमेलं मागितलं. "हिचा पाय भिजवायचा. पण ते पाणी माघारी बारवंत यायचं न्हाई. कोरड्या रानात वतायचं."

त्या दुष्काळात तांब्याभर पाण्यासाठी बाया ताटकळत उभ्या राहायच्या. त्यातलं पाणी एका पायावर घालायचं आणि रानात ओतून द्यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. मग घमेल्यात पाणी पडल्याचा आवाज झाला. छबुबाईनं आपल्या घरचा तांब्या रिता केला होता. "मी तुला आता पाण्याला शिवू द्यायची न्हाई," ती सुनेला म्हणाली, "पण पाणी तुला शिवंल." मग दुसरा तांब्या, तिसरा, चौथा. वरून मला मुक्ताचा श्वास ऐकू आला. सैल झालेला.

सिदूला सायकलवर पिटाळलं होतं. तिसऱ्या प्रहरी तो बिभीषणला घेऊन आला. बिभीषण चपला काढून वरच्या पायरीवर बसला, कागद काढला आणि लिहिलेलं खोडलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "दारातून इचारलं, सिदू न्हाई म्हनला, मी न्हाई लिहिलं. मुक्ताताईला कुणी इचारलंच न्हाई."

"बाळंतिणीच्या खोलीत तू बाप्या माणूस कसा शिरशील?" बायनाबाई म्हणाली. "मी हुते की आत. मला इचारायचं."

"इचारलं की, मावशी. तुमीच न्हाई म्हनलात."

"नीट इचारायचं," ती म्हणाली. "चुकलं माजं."

"मग आता दोघं मिळून काढू. बोटं तुमची, मलम माझं."

सोळा दिवस लागले. दोघं लिंबाच्या पारावर बसायची. तिथून माझं पाणी जवळ होतं, पण मुक्ताचा पाय तिथपर्यंत पोचत नव्हता. काडी बायनाबाई फिरवायची, पट्टी बिभीषण बांधायचा, आणि दोघांचं भांडण चालायचं. तो म्हणायचा काडी उकळत्या पाण्यात टाका, ती म्हणायची पाणी तुझा बाप देणार का. शेवटी ती काडी दिव्यावर धरायला लागली. छबुबाई तेवढा वेळ साखराला मांडीवर घेऊन बसायची. सोळाव्या दिवशी बायनाबाई म्हणाली, "निघाला, शेपटासकट." आष्टीहून औषध आलं, ते माझ्यात पडलं.

पण खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होती. पाणी आधीच बाधलं असेल तर वर्षानंच कळणार होतं. त्या वर्षी मी प्रत्येक पायाचा ताप चाचपत होते. सगळे पाय गार होते. त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याच्याही पुढच्या वर्षी बिभीषण वरच्या पायरीवर येऊन बायनाबाईला म्हणाला, "मावशी, तुमचा धंदा बसला." ती म्हणाली, "बसू दे. माझे गुडघेबी बसलेत." पुढे काही वर्षांनी तो पुन्हा आला, केस पिकले होते म्हणे, आणि त्यानं सांगितलं की आता आपल्या अख्ख्या देशात नारू उरला नाही. तोवर बायनाबाई नव्हती. म्हणून त्यानं ते मला सांगितलं.

माझ्या खालच्या पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली गेली. काठाला कठडा आणि कप्पी आली. आता बादली उतरते, पाऊल उतरत नाही. ते बरोबरच झालं. तरी पहिल्या वर्षी मला फार एकटं वाटलं, हे लपवत नाही. नंतर नळ आले आणि बादलीही थांबली. मग लोक माझ्यात काय काय टाकू लागले. फुटकी चप्पल, निर्माल्य, दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. ज्या तोंडानं गाव जगलं, त्या तोंडात गाव कचरा टाकतं. अलीकडे शाळेतल्या मुलांनी दोन दिवस खपून तो काढला, तेव्हा विसाव्या पायरीशी तोच जुना पाझर अजून चालू होता.

आणि साखरा? ती मोठी झाली. आता ती गावची आशा ताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती आहे. तिची टाच आजीसारखी खरखरते आणि चाल आईसारखी सावकाश आहे. ती दारोदार जाऊन विचारते, अंगावर फिकट पडलेला चट्टा आहे का, जिथं टोचलेलं कळत नाही? कुष्ठरोगाचे उरलेसुरले रुग्ण शोधायचं काम आहे ते. वेळेवर सापडला तर गोळ्यांनी पुरता बरा होतो, पण लोक लाजेनं झाकून ठेवतात. परवा ती माझ्या वरच्या पायरीवर यादी घेऊन बसली होती. बरोबरचा माणूस म्हणाला, "ताई, झाली की सगळी घरं. चला."

"दारं झाली, भाऊ," साखरा म्हणाली. "घरं न्हाई झाली." आणि उठून पुन्हा पहिल्या आळीकडे निघाली, आतल्या खोल्यांत विचारायला.

मित्रांनो, माझ्यासारख्या एखाद्या जुन्या विहिरीकडे गेलात तर तिच्यात काही टाकू नका, एवढं मी मागते. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कुणी तुमच्या दारात येऊन विचारलं, तर घाईनं 'आमच्यात कुणी नाही' म्हणू नका. आत जाऊन बघा. आतल्या खोलीत कुणी हळद थापून गप्प बसलं असेल, तर त्याला हसू नका, आणि त्याच्यापासून मागेही सरकू नका. त्याच्या पायापर्यंत पाणी न्या.

मला डोळे नाहीत, पण ती पायरी मला अजून ठाऊक आहे. बारावी. तिच्यावर हळदीचा एक ठसा लागला होता. पुढच्या पावसानं तो धुतला असेल. मला मात्र तो अजून कोमट लागतो.